ठेकेदाराची चौकशी खालच्या मजल्यावर करावी

घराचे नूतनीकरण काढायचे ठरले की आपला पहिला प्रश्न असतो, "ओळखीत कोणी चांगला कॉन्ट्रॅक्टर आहे का?" सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकला की तासाभरात चार-पाच नंबर हाती येतात. नंबर देणारे खोटे बोलत नसतात. त्यांच्या हॉलमधले फॉल्स सीलिंग खरोखरच झकास झालेले असते. तरीही नेरुळमधल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीत काही वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याच्या घरी काम झाले त्याची साक्ष अपुरी असते. खरी चौकशी त्याच्या खालच्या मजल्यावर करावी, आणि तीही काम होऊन एक पावसाळा उलटल्यानंतर.

घराच्या कामातला जो भाग पुढे वर्षानुवर्षे त्रास देतो, तो फरशीखाली आणि भिंतीच्या आत असतो. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅपभोवतीचा (पाणी वाहून जाण्याच्या तोंडाभोवतीचा) सांधा, कोब्याचा म्हणजे फरशीखालच्या थराचा उतार, झिरी मारून आत बसवलेले पाइप, यांतले मालकाला काहीच दिसत नाही आणि ते बिघडले तरी पहिला डाग त्याच्या घरात पडत नाही. तो पडतो खालच्यांच्या छतावर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय, बेसिन वगैरेंमुळे होणारी अंतर्गत गळती दुरुस्त करण्याचा खर्च त्या सदनिकाधारकाने करायचा असतो, संस्थेने नव्हे. म्हणजे नव्या कोऱ्या टाइल फोडण्याची पाळी पुन्हा तुमच्यावरच येते, आणि त्या सुमारास कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेनासा झालेला असतो. कमिटीपुढे येणाऱ्या भांडणांत पार्किंगच्या खालोखाल हाच विषय असतो, हे आमच्याच नव्हे तर कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून पाहावे.

आमच्या इमारतीत एका कुटुंबाने दोन्ही बाथरूम नव्याने करायला काढली, तेव्हा अंदाजपत्रक द्यायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी टेप लावली, मोबाइलवर टाइलचे फोटो दाखवले आणि चौरस फुटाचा दर सांगून ते गेले. एक जण मात्र टेप न काढताच म्हणाला, "काका, आधी खालच्यांचं छत बघून येऊ, मग बोलू." तो खाली गेला, परवानगी घेऊन छताचे फोटो काढले, जुना डाग कोणत्या पाइपाखाली आहे हे पाहिले आणि वर येऊन सांगितले की टाइलवर टाइल बसवून चालणार नाही, मूळ कोब्यापर्यंत सर्व उकरावे लागेल. त्याचा आकडा अर्थातच सर्वांत मोठा होता. काम त्यालाच मिळाले, हे मला आजही त्या कुटुंबाचे शहाणपण वाटते, कारण जो माणूस काम मिळण्याआधी वाईट बातमी देतो तो काम चालू असतानाही ती लपवत नाही.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी आहे. तिथल्या अनेक इमारती मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतून बांधलेल्या आहेत. अशा इमारतीत खोल्यांमधली भिंतसुद्धा विटांची नसून आरसीसीची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची असते आणि बहुधा भारही पेलत असते. "ही भिंत काढून किचन ओपन करून देतो" असे इमारतीचे नकाशे न मागता सांगणारा ठेकेदार कितीही गोड बोलत असला तरी त्याला चहा पाजून निरोप द्यावा. शिवाय रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंतच्या बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. आपण स्वतःच तोडफोड केली की हात झटकायला त्याला आयते कारण मिळते. जुन्या सिडको वसाहतींत प्रश्न उलटा असतो. तिथे स्लॅबमधले लोखंड गंजलेले असू शकते, आणि ते न पाहता वर जाड ग्रॅनाइट चढवणारे महाभाग आहेत.

अंदाजपत्रक वाचण्यावर मात्र भरपूर वेळ खर्च करावा. "किचन संपूर्ण, विथ मटेरियल, लमसम" अशी एक ओळ आणि पुढे गोल आकडा असेल, तर तो कागद अंदाजपत्रक नव्हेच. प्लायवूड लिहिले असेल तर कोणते, आयएस (भारतीय मानक) ३०३ चे साधे की सिंकखाली लागणारे आयएस ७१० चे मरीन, किती मिलिमीटरचे. वायर लिहिली असेल तर एसी आणि गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची आहे की तिथेही २.५ चीच ओढणार. तोडकामाचा राडारोडा खाली उतरवून नेण्याचा खर्च कोणाचा. मोजमाप काम झाल्यावर प्रत्यक्ष होणार की आधीच्या अंदाजावर, हे सर्व त्यात शब्दांत आले पाहिजे. सनमायका चिकटला की आत कोणते प्लाय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून शीट दारात उतरल्यावरच तिच्यावरचा आयएस क्रमांकाचा शिक्का पाहून घ्यावा. दुकानदाराकडून ठेकेदाराला कमिशन मिळते, हे उघड गुपित आहे. मला त्यात फारसे गैर वाटत नाही. फक्त एकाच दुकानातून माल घेण्याचा आग्रह असेल, तर तोच माल दुसऱ्या दुकानात काय भावाने मिळतो हे एकदा विचारून यावे.

इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. घराचे अंतर्गत काम करणाऱ्या ठेकेदाराची महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी होत नाही. ती बिल्डर आणि एजंट यांची असते. इलेक्ट्रिकल ठेकेदाराला मात्र शासनाचा परवाना लागतो, आणि तो मागायला संकोच करू नये.

वॉटरप्रूफिंगची परीक्षा टाइल बसण्यापूर्वीच घ्यायची असते. ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून ते सिमेंटने बंद करतात, उंबऱ्याशी छोटा बांध घालतात, दोन-तीन इंच पाणी भरतात आणि पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करतात. किमान ४८ तास ते पाणी तसेच ठेवून, एकीकडे पेन्सिलची रेघ आणि दुसरीकडे खालचे छत पाहायचे. थोडे पाणी वाफ होऊन कमी होतेच, पण रेघ दोन बोटे उघडी पडली तर पुढचे काम थांबले पाहिजे. "दोन दिवस लेबर बसून राहील, त्याचे पैसे कोण देणार?" असा प्रश्न ठेकेदार करील, आणि तो रास्तही आहे, म्हणून हे दोन दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले आहेत का, हे पहिल्या भेटीत विचारावे. ज्याने ते धरलेले असतात, त्याला ही परीक्षा समजावून सांगावी लागत नाही.

चौकशीसाठी दुसरा उत्तम माणूस म्हणजे गेटवरचा वॉचमन. लिफ्टमध्ये प्लाय न लावता लाद्या कोणी चढवल्या, दुपारी दोन ते चार हातोडा कोणी चालवला, डेब्रिजच्या गोण्या रात्री खाडीकडे टाकणाऱ्या टेम्पोत कोणी भरल्या, हे त्याला पाठ असते.

राहता राहिला पैशांचा भाग. "बिल नको, म्हणजे जीएसटीचे १८ टक्के वाचतील" हा प्रस्ताव मोहाचा असतो, पण उद्या ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हातात दाखवायला कागद हवा. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, अशा लहान ठेकेदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. त्याने कर लावू नये, पण साधे बिल आणि पावती द्यायला त्याला कोणतीच अडचण नाही. आगाऊ रक्कम मालापुरती द्यावी, पुढचे हप्ते तारखेला न बांधता तोडकाम, पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल अशा टप्प्यांना बांधावेत, आणि ५ ते १० टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात लिहून घ्यावी. या अटीवर ठेकेदार कुरकुरतात, कारण मालक ती रक्कम नंतर देतच नाहीत असा त्यांचाही अनुभव असतो, आणि तो खोटा नाही. त्यामुळे ती कोणत्या तारखेला आणि काय तपासून दिली जाईल हे त्याच कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. एवढे करूनही जो नकार देतो, त्याच्याशी घासाघीस करत बसण्यापेक्षा यादीतला पुढचा नंबर फिरवलेला बरा.