नुसता पिवळा पट्टा झाला म्हणून नळाला पाणी येत नाही

संभाजीनगरच्या आसपासच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. पाठवणाऱ्याचं नाव नाही, खाली हात जोडलेले. सार असं: ‘शेतकरी बांधवांनो, आपली जमीन हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात जाणार. झोन बदलला की एनए आपोआप. भाव दहापट. पाणी-रस्ता मागोमाग येतंच. तसंही कोरडवाहू वावरात पिकतंय काय? आक्षेप घेणारे विकासाचे वैरी आहेत, त्यांच्या अर्जावर सह्या करू नका.’

विकास आराखड्यात हिरवा पट्टा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे रहिवासी. ज्याला जमीन विकायची त्यानं खुशाल विकावी. सोयाबीनच्या भावात घर चालत नाही हे मला कोणी सांगायची गरज नाही. पण या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात गाव फसतं.

‘एनए आपोआप’ घ्या. एनए म्हणजे जमीन अकृषिक, शेतीशिवाय दुसऱ्या वापराची. जमीन महसूल संहितेत कलम ४२-ब, ४२-ड आल्यापासून आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीला वेगळ्या अकृषिक परवानगीसाठी पूर्वीसारखं खेटे घालणं उरलं नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतही सवलत आहे. हे बरोबर. पण सवलत तेवढ्यापुरतीच. सरकारी भरणा चुकत नाही, रेखांकनाची, म्हणजे प्लॉटच्या लेआउटची, मंजुरी चुकत नाही, बांधकाम परवानगी चुकत नाही. शिवाय आपला भाग निजामाच्या राजवटीतून आलेला. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, किंवा ती इनामाची अथवा मदतमाशची (निजामकाळच्या इनामाचाच एक प्रकार) असेल, तर नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, आणि परवानगीचा प्रश्न आधी उभा राहतो. पट्टा पिवळा झाला म्हणून वर्ग २ चा वर्ग १ होत नाही. ‘एनए-४४’ असा ठळक बोर्ड लावून प्लॉट विकणाऱ्याला आधी मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा, मग सातबारा, मग महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाला ती नोंदणी लागते, प्लॉटिंगलाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराच्या आकारणीचा कागद आहे, त्यानं मालकी सिद्ध होत नाही.

‘भाव दहापट’. होतो. कोणासाठी, ते मेसेजवाला सांगत नाही. झोन बदलाची जाहिरात पेपरात येईपर्यंत मोक्याच्या गटांच्या इसार पावत्या झालेल्या असतात. शेतकरी एकरानं विकतो, पुढचा चौरस फुटानं विकतो, आणि एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते आणि मोकळी जागा वजा केली तरी मधला फरक कुठे जातो हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणखी एक. आपल्याकडे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आहे. शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. सगळंच वावर विकून ‘पैठणकडे स्वस्तात घेऊ’ म्हणणाऱ्यानं एखादा गट तरी नावावर राहू द्यावा, नाहीतर खिशात पैसे असून खरेदीखत अडतं.

आता पाणी. मेसेज इथेच सगळ्यात मोठी थाप मारतो.

दोनशे प्लॉटचं रेखांकन धरा. घरटी पाच माणसं म्हणजे हजार माणसं. जलजीवन मिशनचं ग्रामीण माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे रोज ५५,००० लिटर, दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. प्लॉट घेणारे शहरातून येणार, त्यांच्या घरात फ्लश आहे, वॉशिंग मशीन आहे. शहरी माप १३५ लिटरचं, त्या हिशेबानं टँकर साडेतेरा. गावची नळयोजना गावच्या लोकसंख्येचा अंदाज धरून आखलेली असते, एका फटक्यात हजार माणसं वाढतील असं त्यात कोणी धरलेलं नसतं. मग उरतं बोअर. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. पाणी वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत, तेही जागोजागी तुटक. रेखांकनात घरटी बोअर पडले की शेजारच्या मोसंबीच्या विहिरीची पातळी खाली जाते, आणि बोअर मारणारा म्हणतो, आमची हद्द वेगळी.

हे घडलेलं आहे. सातारा-देवळाई आठवा. शहराला लागून ग्रामपंचायती होत्या, कॉलन्या उभ्या राहिल्या, नगर परिषद झाली, मग महापालिकेत गेल्या, आणि तरी लोकांनी वर्षानुवर्षं टँकरवर दिवस काढले. हद्द बदलली, पाटी बदलली, घरपट्टी आली. टँकर सुटला नाही. लातूर तर जिल्ह्याचं शहर, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथे पिवळ्या पट्ट्याची कमी नव्हती.

‘कोरडवाहू वावर, पिकतंय काय?’ पिकतं. कापूस, तूर, सोयाबीन, शाळू त्याच काळ्या रानात येतात, कारण ती माती ओल धरून ठेवते. आणि घराला ती याच कारणानं वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत मनगट जातं. पाया कठीण मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. स्वस्त प्लॉट घेणाऱ्याला हा खर्च कोणी आधी सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे शोषखड्डा. चिकण काळ्या मातीत पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल. टाकी भरते, वाहते, उताराकडे निघते. उताराला असतं कोणाचं तरी वावर. हिरवट काळं पाणी धुऱ्यापाशी साचलेलं, मच्छर, बैल पाण्याला तोंड लावत नाही. असं वावर मी पाहिलं आहे, आणि त्याच्या मालकानं एक गुंठाही विकलेला नव्हता. भिंतीची उलटी तऱ्हा. प्लॉटिंगवाला आधी कंपाउंड घालतो, वरच्या रानातलं पावसाचं पाणी जिथून ओढ्याला जायचं तिथे आता वीट. सोयाबीन आठवडाभर पाण्यात उभं राहिलं की पिवळं पडून संपतं.

रस्त्याचं थोडक्यात. बांधावरून जाण्याच्या वाटेसाठी महसूल संहितेत कलम १४३ आहे, वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ आहे. दोन्हींसाठी तहसीलला जावं लागतं, आणि तोवर पेरणी निघून जाते. पाणंद, म्हणजे रानात जायची वाट, नकाशावर नोंदवलेली आहे का, ते आत्ताच पाहून घ्या.

राहिले ‘विकासाचे वैरी’. परवा चहाच्या टपरीवर एक पोरगा मला म्हणाला, “काका, तुमच्या आक्षेपानं झोन थांबणार आहे का?” नाही रे बाबा, बहुतेक थांबणार नाही. पण आक्षेप म्हणजे फक्त ‘नको’ म्हणणं नव्हे. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना काढून लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, त्याला एक महिन्याची मुदत असते. पाणी कुठून, सांडपाणी कुठे, ओढा मोकळा, पाणंद खुली, हे अटी म्हणून लिहून मागायची ती वेळ. नंतर बोंबलून उपयोग नाही. ज्या भागात ही वेळ वाया गेली, तिथे काय झालं ते गुंठेवारीनं, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटनी, दाखवलंय. २००१ साली आधीची वस्ती नियमित करायचा कायदा आला, मग २०२१ मध्ये दुरुस्ती करून मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. घरं आधी झाली, नियम मागून आले. रस्ते अजून येतायत.

मोकळ्या जागेचंच बघा. बांधकाम आणि रेखांकनासाठीच्या २०२० च्या एकीकृत नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर होतो ४,०४७ चौरस मीटर. म्हणून काही हुशार मंडळी एकराचे तुकडे वेगवेगळ्या नावांवर पाडतात. प्रत्येक तुकडा मर्यादेखाली, मैदान कोणाच्याच वाट्याला नाही. हे हरकतीत लिहायचं तर कोणाला विकासाचं वैर धरावं लागत नाही, नुसता गट नकाशा वाचता यायला हवा.

तेव्हा सही करायची की नाही ते मेसेज वाचून ठरवू नका, सूचना वाचून ठरवा. त्यात गट क्रमांक असतात, क्षेत्र असतं, हरकत कोणत्या कार्यालयात द्यायची ते असतं. अर्जात ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर तो एका ओळीत निकाली निघतो. आपला गट, उताराची दिशा, विहिरीचं अंतर, वाट कुठून जाते, हे हातानं काढलेल्या नकाशासह लिहा. ज्यांना विकायचं आहे त्यांनीही द्या, पाण्याची अट त्यांच्याही प्लॉटचा भाव टिकवते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि सुनावणीची नोटीस लेखी मागा.