समुपदेशकालाच थेरपी लागत असेल, तर?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. समुपदेशकांनी स्वतःच्या मनाची काळजी घ्यावी आणि गरज पडल्यास स्वतःही थेरपी घ्यावी, या माझ्या मतावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: ज्याला स्वतःलाच आधार लागतो त्याच्यावर क्लायंटने विसंबावे तरी कसे, आणि ‘स्वतःची काळजी’ ही ऐनवेळी सत्र रद्द करण्याची सभ्य सबब तर नव्हे ना?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर जुने आहे. मनोविश्लेषण पद्धतीने उपचार करणाऱ्या विश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचे मनोविश्लेषण करून घ्यावे आणि त्यात लाज बाळगू नये, असे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९३७ मध्येच लिहून ठेवले होते; कारण इतरांच्या मनात दडपलेल्या गोष्टी रोज हाताळताना विश्लेषकाच्या स्वतःच्या मनातलेही बरेच काही ढवळून निघते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाच यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार थकून जातो त्या अवस्थेची, जी तीन अंगे मांडली, त्यांपैकी भावनिक थकवा आणि ‘आपल्या हातून काही साधत नाही’ ही भावना यांचा त्रास मुख्यतः समुपदेशकाला होतो; तिसऱ्याची, म्हणजे समोरच्या माणसाविषयी येणाऱ्या कोरडेपणाची, झळ मात्र थेट क्लायंटला बसते. हा कोरडेपणा ज्याच्यात येतो त्याला तो बहुधा सर्वांत शेवटी कळतो. म्हणूनच नियमित सुपरव्हिजन घेणे, म्हणजे आपल्या कामाबद्दल दुसऱ्या अनुभवी समुपदेशकाशी बोलून त्याचे मार्गदर्शन घेणे, मी सुट्टीपेक्षा महत्त्वाचे मानतो. (‘स्वतःची काळजी’ म्हणून सुगंधी मेणबत्त्यांचे सल्ले देणाऱ्या याद्यांमध्ये हा मुद्दा क्वचितच असतो.) अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार वैयक्तिक अडचणींमुळे काम नीट होणार नाही असे लक्षात आल्यास मानसशास्त्रज्ञाने व्यावसायिक सल्ला घ्यावा आणि काम मर्यादित करायचे, स्थगित करायचे की थांबवायचे हे ठरवावे, अशी अपेक्षा आहे. थोडक्यात, ही काळजी व्यावसायिक कर्तव्याचाच भाग आहे.

मात्र आपण वर्णन केलेली, तासभर आधी निरोप पाठवून सत्र रद्द करण्याची सवय या कर्तव्यात बसत नाही. अचानक आलेले आजारपण वेगळे. पण ज्याचे वेळापत्रक वारंवार कोलमडते, त्याने बहुधा झेपतील त्याहून अधिक क्लायंट घेतलेले असतात. तीव्र आघातातून गेलेल्या व्यक्तींची सत्रे लागोपाठ न ठेवणे, दोन सत्रांच्या मध्ये श्वास घेण्याइतका वेळ राखणे, रजेची कल्पना काही आठवडे आधी देणे आणि त्या काळात कोणाशी संपर्क साधायचा हे सांगून ठेवणे, हे ज्याने केले त्याने स्वतःची आणि क्लायंटची काळजी एकाच वेळी घेतली, असे मी म्हणेन.

‘मग आम्हीच त्यांना सांभाळायचे का?’ असे आपण विचारले आहे. मुळीच नाही. समुपदेशकाने आपल्या थकव्याची कहाणी सत्रात क्लायंटला ऐकवू नये. त्यासाठी त्याचा सुपरव्हायझर आणि थेरपिस्ट आहेत. आपण मात्र त्याला निःसंकोच विचारावे, की आपण सुपरव्हिजन घेता का, आणि सत्र रद्द करण्याचा जो नियम मला लागू आहे तो आपल्यालाही लागू आहे का? या प्रश्नांवर तो चिडला किंवा त्याने ते टाळले, तर दुसरा समुपदेशक शोधण्यास ते पुरेसे कारण आहे.