संतुलित बले वस्तूला थांबवत नाहीत

विज्ञानाच्या ‘सोप्या नोट्स’ म्हणून सध्या फिरत असलेल्या एका मजकुरात तीन विधाने आहेत: बले संतुलित झाली की वस्तू थांबते, चालत्या वस्तूवर गतीच्या दिशेने जास्त बल असावेच लागते, आणि अंतराळस्थानक हे संतुलित बलांचे उत्तम उदाहरण आहे. ही तिन्ही चुकीची आहेत आणि मुले ती पाठ करीत आहेत, हे चिंताजनक आहे.

पहिले विधान घेऊ. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमानुसार निव्वळ बल (सर्व बलांची दिशेसह बेरीज) शून्य असताना, म्हणजेच बले संतुलित असताना, वस्तूचा वेग बदलत नाही. म्हणजे स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. पावसाचा मोठा थेंब ढगातून सुटला की आधी त्याचा वेग वाढतो, वेगाबरोबर हवेचा विरोध वाढतो आणि पहिल्या वीसेक मीटरांतच हा विरोध थेंबाच्या वजनाएवढा होतो. त्या क्षणी बले संतुलित होतात, पण थेंब काही अधांतरी थांबत नाही. 5 मिलिमीटर व्यासाचा थेंब तेथून जमिनीपर्यंत सेकंदाला सुमारे 9 मीटर या वेगाने येत राहतो. हवेचा विरोध नसता, तर 2 किलोमीटर उंचीवरून पडलेला हाच थेंब सेकंदाला जवळजवळ 200 मीटर वेगाने आपल्या डोक्यावर आदळला असता.

दुसऱ्या विधानामागचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण इंजिन बंद केले की गाडी हळूहळू थांबते, हे सर्वांनी पाहिलेले असते. मात्र ती घर्षण आणि हवेच्या विरोधामुळे थांबते. सपाट, सरळ रुळांवर ताशी 100 किलोमीटर या कायम वेगाने धावणाऱ्या रेल्वेगाडीत इंजिनाची ओढ एकूण विरोधाएवढीच असते. ती जास्त असती, तर वेग वाढतच गेला असता.

तिसरे विधान तर उलटेच आहे. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरही गुरुत्वबल जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते, आणि ते अंतराळस्थानकाला सतत पृथ्वीकडे वळवत असते. गुरुत्वबलाला तोलणारे म्हणून सांगितले जाणारे केंद्रोत्सारी बल (फिरताना बाहेर ढकलले जात असल्यासारखे वाटणारे बल) हिशेबात येते ते स्थानकाबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून, म्हणजे स्थानकाबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेतून, पाहिले तरच. पृथ्वीकेंद्राच्या न फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले, तर गुरुत्वबलाला तोलणारे दुसरे कोणतेही बल तेथे नाही. बले खरोखर संतुलित असती, तर सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर वेगाने जाणारे ते स्थानक कक्षा सोडून सरळ निघून गेले असते.