दौलतजादा कोणाच्या ओटीत पडतो?

जत्रांचा हंगाम सुरू झाला की महाराष्ट्रात एक वाद हमखास उकरून निघतो, आणि दोन दिवसांत तो आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅपवरही येऊन पोचतो. कुठल्या तरी गावच्या यात्रेतल्या लावणीची चित्रफीत फिरते. एक बाजू म्हणते, ही लावणीची विटंबना चालली आहे, बंदी घाला. दुसरी म्हणते, ही लोककला आहे, तुम्हा पांढरपेशांना त्यातलं काय कळतं? मग पदर, ब्लाउजची पाठ, शिट्ट्या, पोलीस परवानगी, संस्कृती यांवर शेकडो मतं पडतात. ही सगळी मतं मी वाचते. त्या रात्री जमलेल्या पैशांतले, प्रेक्षकांनी नाचणारीवर उधळलेल्या दौलतजाद्यातले किती पैसे त्या नाचणाऱ्या बाईच्या हातात पडले, हे मात्र कोणीच विचारत नाही, ना बंदीवाले, ना लोककलावाले.

हा प्रश्न माझ्या मनात पक्का बसला तो एका अमेरिकन नटीमुळे. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. शहरात मार्केट, गिअरी आणि कर्नी हे तीन रस्ते जिथे मिळतात, तिथे ओतीव लोखंडाचं एक उंच कारंजं उभं आहे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर, शहर जळत असताना, ताटातूट झालेली माणसं या कारंज्याशी एकमेकांना शोधायला जमली. आजही दरवर्षी त्या तारखेला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी, म्हणजे धक्का बसला त्याच वेळी, लोक तिथे जमतात. हे कारंजं शहराला १८७५ मध्ये भेट दिलं ते लॉटा क्रॅबट्री नावाच्या नटीने. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांचीही झाली नव्हती. नाच-गाणं आणि विनोदी भूमिका करून मिळवलेल्या पैशांतून तिने ते उभारलं. माणसांना आणि घोड्यांना पाणी मिळावं हा हेतू.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ मध्ये नाटक उभं केलं, त्यानंतर चार वर्षांनी लॉटाचा न्यूयॉर्कमध्ये जन्म झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा ती अमेरिकेतली अत्यंत महागडी नटी होती. आपल्याकडे बायकांच्या भूमिका पुरुषच करत, त्यामुळे शकुंतलेला मिशा उतरवाव्या लागत होत्या. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका होत्या, पण त्या बैठकीत, देवळात, फडात, आणि त्यांना घरंदाज म्हणवणाऱ्या समाजाने उंबऱ्याबाहेरच ठेवलं होतं.

लॉटाची गोष्ट मात्र घरंदाजपणाची नाही. बाप जॉन क्रॅबट्री पुस्तकांचा धंदा सोडून कॅलिफोर्नियात सोनं शोधायला गेला. बायको मेरी अ‍ॅन आणि लहानगी लॉटा मागून गेल्या. सोनं काही सापडलं नाही. ग्रास व्हॅली नावाच्या खाणीच्या गावात मेरी अ‍ॅनने खानावळवजा घर चालवायला घेतलं, खाणकामगारांना भाड्याने खोली आणि जेवण. शेजारी राहायला आली लोला माँतेझ, बव्हेरियाच्या राजाशी नाव जोडली गेलेली, युरोपभर गाजलेली नर्तकी. तिला ही लाल केसांची मुलगी आवडली. पुढे क्रॅबट्री कुटुंब रॅबिट क्रीकला गेलं, आणि तिथे एका दारूच्या गुत्त्यात सात-आठ वर्षांची लॉटा पहिल्यांदा नाचली.

हा प्रसंग मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा माझं लक्ष मुलीपेक्षा आईकडे जातं. समोर चिखलाच्या बुटांतले, महिनोन् महिने लहान मूल न पाहिलेले पुरुष. मुलगी नाचते, गाते, आणि तिच्या पायाशी नाणी पडतात, सोन्याचे कच्चे खडे पडतात. आपल्या भाषेत हा दौलतजादाच! नाच संपला की मेरी अ‍ॅन पुढे येते आणि प्रत्येक नाणं, प्रत्येक खडा आपल्या एप्रनच्या ओटीत वेचून घेते. फळ्यांच्या फटीत गेलेलंही सोडत नाही. ते सोनं ती आधी चामड्याच्या पिशवीत ठेवायची. पिशवी वाहणं जड झालं तेव्हा प्रवासी पेटीत ठेवू लागली. पेटीही पुरेना तेव्हा शहरोशहरी जागा आणि रोखे घेतले.

त्या काळच्या कायद्याने अल्पवयीन मुलीच्या कमाईवर बापाचा हक्क असे. म्हणून आई ते सोनं बँकेपेक्षा आधी स्वतःजवळ बाळगत होती, असं माझं मत आहे. बापाला तिने पैशांपासून जमेल तितकं लांब ठेवलं. मुलीचे कार्यक्रम कुठे करायचे, किती पैशांत करायचे, नाटक कोणतं घ्यायचं, हे आईने ठरवलं. खेचरांवर बसून मायलेकी एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर गेल्या. मग सॅन फ्रान्सिस्कोची नाट्यगृहं. १८६४ मध्ये पूर्वेकडे कूच. १८६७ मध्ये न्यूयॉर्कला डिकन्सच्या कादंबरीवर बेतलेल्या नाटकात तिने निरागस नेल आणि घरकाम करणारी फाटकी पोर अशा दोन्ही भूमिका एकाच रात्री केल्या, आणि तिथून तिची घोडदौड सुरू झाली. ती बॅन्जो वाजवायची, आखूड घागऱ्यात उड्या मारायची, छोट्या काळ्या सिगार ओढायची. सनातनी मंडळींनी नाकं मुरडलीच. पण लवकरच तिची स्वतःची नाटक मंडळी झाली. पगार ती देत होती, घेत नव्हती.

चाळिशीच्या पुढे, १८९० नंतर लवकरच, तिने रंगभूमी सोडली. लग्न केलं नाही. २५ सप्टेंबर १९२४ रोजी ती बॉस्टनमध्ये वारली. ज्या हॉटेलात राहत होती तेही तिच्याच मालकीचं होतं. मागे सुमारे चाळीस लाख डॉलर राहिले, आणि जवळजवळ सगळे धर्मादायाला. निम्मी रक्कम पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी. बाकीची जनावरांसाठी, गरजू नटांसाठी, तुरुंगातून सुटलेल्यांसाठी. शेतकी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना शेती सुरू करायला बिनव्याजी कर्ज मिळावं म्हणूनही तिने निधी ठेवला. विदर्भातल्या माझ्या शेतकरी आजोळाची आठवण ठेवून मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आहे. एका नाचणारीच्या पायाशी पडलेल्या सोन्यातून कुणाचं तरी पहिलं बियाणं विकत घेतलं गेलं.

मृत्युपत्रावर अर्थातच खटले झाले. तिच्या भावाची मुलगी म्हणवणारी एक बाई पुढे आली, आणि त्या दाव्यात १९२६ मध्ये चक्क वायट अर्पची साक्ष झाली, हॉलिवूडच्या ‘वेस्टर्न’ चित्रपटांतला तोच बंदूकवाला. दावा टिकला नाही. लॉटाने लिहून ठेवलं होतं तेच झालं, कारण तिच्या नावावर मालमत्ता होती आणि कागद पक्का होता.

इथे मी थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण परदेशात राहणाऱ्यांनी इथलं सगळं सोनं म्हणून पाठवायची सवय मला पटत नाही. लॉटाने चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कलही केली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. ज्या माणसांची नक्कल होत होती त्यांना त्या नाट्यगृहात मानाची खुर्ची नव्हती. तिला आयुष्यभर लहान पोरीच्याच भूमिका कराव्या लागल्या, कारण लोकांना तिचं वय वाढलेलं नको होतं. आईने पैसा राखला, पण मुलीच्या आयुष्यावरची पकडही १९०५ मध्ये मरेपर्यंत सैल केली नाही. हे सगळं खरं आहे. तरीही हिशोब स्वतःच्या घरात राहिला, हे तितकंच खरं आहे, आणि मला आपल्याकडच्या वादात नेमकी तीच जागा रिकामी दिसते.

आपल्या तमाशात पैशाची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना माहीत आहे. दसऱ्याला फड बाहेर पडायच्या आधी कलाकार मालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात. आजारपण, लग्न, घराचं छप्पर, मुलांची फी, सगळं उचलीवर. मग हंगामभर नाचून ती फेडायची. हंगाम पावसाने किंवा निवडणुकीने बुडाला की उचल पुढच्या वर्षावर. नारायणगावला गुढीपाडव्याच्या आसपास राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेची सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवतात, आकडा ठरतो. तो आकडा फडमालक आणि गाव यांच्यातला. संगीत बारीत, म्हणजे थिएटरात होणाऱ्या नाच-गाण्याच्या बैठकीत, दौलतजादा पडतो तो थिएटर, पार्टीची मालकीण, वाजवणारे आणि नाचणाऱ्या मुली यांच्यात वाटला जातो. मालकांवर मी सरसकट दोष ठेवत नाही, ट्रक, डिझेल, तंबू, कर्जाचं व्याज त्यांच्याही मानगुटीवर आहे. पण वाटणी कागदावर नसते, आणि कागदावर नसलेली वाटणी नेहमी सगळ्यात अशक्त माणसावर येऊन संपते.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. १९६२ च्या युद्धात त्या जवानांसमोर गायल्या. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना नाचता नाचता कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. आपण ती अभिमानाने सांगतो. मला त्यात अभिमान वाटत नाही, संताप येतो. त्या रात्री खेळ थांबवून पैसे न बुडवता घरी जाण्याची सोय तिला का नव्हती? २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांना हात पुढे करावा लागला होता. आता त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार आहे.

डान्सबारच्या प्रकरणातही हेच झालं. २००५ ची बंदी, मग उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, २०१६ चा नवा कायदा, जानेवारी २०१९ चा निकाल. चौदा वर्षं आपण अश्लीलतेची व्याख्या शोधत होतो. त्या शेवटच्या निकालात नोटा उधळण्यावरची बंदी राहिली, बक्षिसी देण्याला मुभा मिळाली, याच्या बातम्या झाल्या. बायकांशी लेखी करार करावा आणि मोबदला त्यांच्या बँक खात्यात जमा करावा ही अटही न्यायालयाने ठेवली, त्यावर मला एकही चर्चेचा कार्यक्रम पाहिल्याचं आठवत नाही. माझ्या मते त्या सगळ्या भांडणातली ती सर्वात कामाची ओळ होती. तीच ओळ तमाशाच्या फडाला, संगीत बारीला, यात्रेतल्या ऑर्केस्ट्राला, गणपतीतल्या लावणीच्या कार्यक्रमांना का लागू नसावी? पोलीस परवानगीच्या अर्जासोबत कलाकारांच्या करारांची प्रत जोडायला सांगणं कठीण नाही. परवानगी देणाऱ्याला कपड्यांची लांबी मोजण्यापेक्षा हे काम सोपं पडेल.

आणि आम्ही इथले? आमच्या मंडळांत लावणी फार लाडकी आहे. नऊवारी नेसून, खरे घुंगरू बांधून, आयटीतल्या बायका नाचतात, त्यांचे नवरे टाळ्या वाजवतात, त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही, आणि वाटूही नये. पण त्याच बायकांचे आईवडील गावी त्याच गाण्यावर नाचणारीला घराच्या ओट्यावर बसू देत नाहीत. कला इकडे आणली, कलावंतिणीला तिकडेच ठेवलं. हा दोष फक्त गावाकडच्यांचा नाही. मागे आमच्या मंडळात भारतातून लावणीचा संच बोलवायचं ठरलं तेव्हा खर्चाच्या तक्त्यात सभागृह, ध्वनियंत्रणा, जेवणाची ताटं, व्हिसाची फी, सगळं वेगवेगळ्या ओळीत होतं आणि ‘कलाकार’ अशी एक ओळ होती. संयोजकाला मी विचारलं की यातल्या नर्तिकांना प्रत्येकी किती मिळणार. ‘ते आमचं आम्ही बघतो, ताई,’ असं उत्तर आलं.

त्यानंतर बऱ्याच बैठका झाल्या. काहींचं म्हणणं पडलं की दुसऱ्याच्या व्यवहारात आपण नाक खुपसू नये, भारतातल्या पद्धती वेगळ्या असतात. मी म्हटलं, तिकिटाचे पैसे आपले आहेत, म्हणजे व्यवहारही आपला आहे. मंडळाने शेवटी ठराव केला: संचातल्या प्रत्येकीचं नाव, ठरलेली रक्कम आणि बँक खातं करारात असेल तरच आगाऊ रक्कम द्यायची. पहिल्या संयोजकाने नकार दिला. दुसऱ्याने यादी पाठवली. तिच्यात निवेदक, ढोलकीवाला, पेटीवाला यांची पूर्ण नावं आणि आकडे आहेत, आणि खाली ‘नृत्य – सहा मुली’ असं लिहून एकच ठोक रक्कम टाकली आहे. ती यादी आम्ही परत पाठवली आहे, सहा रिकाम्या ओळी आखून.