जरा डावीकडे सरक

आमच्या घरी हल्ली पोहे गार झाल्याशिवाय कुणाला मिळत नाहीत. बशी आधी खिडकीपाशी जाते, तिथे उजेड तपासला जातो, लिंबाची फोड इकडची तिकडे होते आणि कोथिंबीर कमी वाटली तर मला ओट्यापाशी परत धाडलं जातं. हे निवृत्त झाले, फंडाच्या पैशातून कॅमेरा आला, पाठोपाठ फोटोग्राफीचा क्लास लागला. क्लास यांनी लावला, गृहपाठ माझ्यावर होतो.

पहिला धडा असा, की मी मधोमध उभं राहायचं नाही. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन भाग करायचे, रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे माणूस. रूल ऑफ थर्ड्स. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली हे छापून ठेवलं. आपल्याकडे तेव्हा दुसरा बाजीराव नुकताच गादीवर बसला होता, लोकांना दुसरे घोर होते, त्यामुळे या स्मिथला कुणी अडवलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत कडेला आणि मधे नुसतं मोकळं.

"मधे काय आहे?"

"काही नाही. ती निगेटिव्ह स्पेस."

घरातल्या साठीशांतीलाही हाच नियम लागला. वन्सं नेमक्या छेदबिंदूवर आल्या, त्यांचे यजमान चौकटीबाहेर गेले. साठी त्यांचीच होती.

काळारामाच्या देवळापुढे मात्र हे जरा अडखळले. देऊळ इतकं रेखीव, दोन्ही अंगांनी सारखं, की फोटो सरळ समोरून काढावा. सममिती असेल तिथे नियम मोडायचा, असं सरांनीच सांगितलेलं. मला हायसं वाटलं, पदर सारखा करून मधोमध जाऊन उभी राहिले. तर म्हणतात, "तू बाजूला हो, तुझ्यामुळे सममिती बिघडतेय."

मग अ‍ॅपर्चर आलं, म्हणजे लेन्समधलं भोक. आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक बारीक. क्लासमधली सगळी ज्येष्ठ मंडळी यावर अडली होती म्हणे. मला पटकन कळलं, कारण तो साधा भागाकार आहे. लाडू जितक्या जणांत वाटाल तितका वाट्याचा तुकडा लहान. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २ ने भागलं की २५ मिलिमीटरचं भोक, १६ ने भागलं की जेमतेम ३ मिलिमीटरचं. यांना हे मी समजावलं. क्लासमध्ये यांनी ते स्वतःच्या नावावर सांगितलं.

मोठ्या भोकातून उजेड भरपूर येतो, पण स्पष्ट दिसतं ते फार थोडं, पुढेमागे सगळं धुरकट. त्र्यंबकला ब्रह्मगिरी पाठीशी घेऊन काढलेल्या फोटोत माझं नाक लख्ख आहे, कान धूसर आहेत आणि ब्रह्मगिरी नाही.

"डोंगर कुठेय?"

"विरघळवला," हे अभिमानाने म्हणाले.

विरघळवायचाच होता तर एवढं पेट्रोल कशाला जाळलं? गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींपुढे मी तशीच दिसले असते. त्यावर यांनी एफ ११, म्हणजे बारीक भोक, लावलं. आता नाक आलं, कान आले, डोंगर आला, कणीसवाल्याची गाडी आली आणि तिच्यामागे पाठमोरे बसलेले एक गृहस्थही स्वच्छ आले. ते कशासाठी बसले होते ते सांगत नाही.

सोमेश्वरला पाणी रेशमी दिसावं म्हणून शटर एक सेकंद उघडं ठेवायचं होतं. एक सेकंद केवढा असतो, हे मानेवर डास बसलेला असताना कळतं. पाणी हललं तर कला, मी हलले तर फोटो वाया.

पण खरा छळ गोल्डन अवरचा. सूर्य खाली असला की ऊन हवेच्या जाड थरातून येतं, त्यातला निळा वाटेतच विखुरतो आणि पिवळं-तांबडं तेवढं आपल्यापर्यंत पोचतं. हे संध्याकाळीही घडतंच. पण संध्याकाळी रामकुंडावर गर्दी, म्हणून पहाटे. काळ्या दगडावर उठून दिसावी म्हणून लाल साडी. घाटाच्या पायऱ्या नजरेला ओढून नेतात, त्या लीडिंग लाइन्स. आणि त्या बरोबर नेतात कुठे, तर सगळ्यात शेवाळलेल्या पायरीवर. तिथे मी. संकल्प सांगायला एक गुरुजी दोनदा येऊन गेले, त्यांना वाटलं मी विधीसाठी ताटकळलेय.

पुढे दुतोंड्या मारुतीपाशी. "तू शेजारी उभी राहा, स्केल हवा." आता अख्खं नाशिक गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर मोजतं ते पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, यावर. मोजमापाचं काम तो बिचारा पिढ्यान्‌पिढ्या करतोय. त्याला मोजायला मी!

सध्या माझी बढती झालीय. चेहऱ्यावरच्या सावल्या उजळायला रिफ्लेक्टर लागतो, आणि तो म्हणजे आमची पांढरी चादर, दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरायची. कुरकुर केली की दादासाहेब फाळके काढतात. फाळके त्र्यंबकचे, इथलेच, तेही आधी फोटोग्राफरच होते. त्यांच्या सरस्वतीबाई अशाच चादरी धरून उन्हात उभ्या राहायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. हे सगळं मला तोंडपाठ झालंय.

परवा चहा घेताना त्यात नवी भर पडली. "सरस्वतीबाईंनी दागिनेसुद्धा दिले होते बरं का," म्हणाले, आणि त्याच दमात एका लेन्सची किंमत सांगितली.

मी म्हटलं, "आधी 'राजा हरिश्चंद्र' काढून दाखवा. मग पाटल्यांचं बघू."