'खरं लेखन' म्हणजे कुठलं हो?

आज एका कार्यक्रमात माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, "पूर्वी फार चांगल्या कविता लिहायच्या, सध्या मालिकांचे संवाद लिहितात." शोकसभेत बोलावं त्या सुरात! व्यासपीठावर होते म्हणून गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं तडकलंय.

अहो, मला लिहायला शिकवलं ते नाटकाच्या तालमीनं. मुलगा कायमचा घर सोडून चाललाय, म्हणून आईच्या तोंडी मी पानभर स्वगत लिहिलं होतं. आईचं काम करणाऱ्या बाईंनी ते चोख म्हटलं. पुढच्या वेळी मात्र त्यांनी मुलाची कॉलर सारखी केली आणि स्वगतातलं शेवटचं वाक्य तेवढं घेतलं, "पोचलास की कळव." लाइट्स करणारा पोरगा डोळे पुसत बाहेर गेला. बाकीचं पान मी तिथंच कापलं.

हे कुठल्या कवितेनं शिकवलं असतं? कविता माणूस परत परत वाचू शकतो. मालिका बघणारी बाई हातातलं काम करता करता ऐकते, वाक्य एकदाच कानावर पडतं. रेडिओवर तर चेहराही नसतो.

गदिमांनी १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीसाठी आठवड्याला एक अशी गीतरामायणाची ५६ गाणी लिहिली. सिनेमाच्या पटकथाही लिहिल्या. त्यांच्यातला कवी पातळ झाला का? अण्णा भाऊंनी 'फकिरा' लिहिली आणि पोवाडे, लावण्या, लोकनाट्यंही. तेंडुलकरांनी वर्तमानपत्रात लिहिलं, नाटकं लिहिली, 'आक्रोश'ची पटकथा लिहिली. यातलं खोटं लेखन कुठलं, ते सांगाच.

हो, मालिकांत पाट्या टाकणं चालतं. सीन सकाळी लिहायचा आणि दुपारी शूट. मान्य. पण पाट्या टाकलेल्या कविता काय कमी छापून येतात?

मध्यंतरी एका सीनमधलं सासू-सुनेचं भांडण मी काढून टाकलं. सून नुसता सासूचा चष्मा पुसून तिच्या हातात देते, एवढंच ठेवलं. लगेच फोन, "मॅडम, डायलॉग कुठेत?" मी त्यांना तो 'पोचलास की कळव'चा किस्सा सांगितला. सीन तसाच गेला.

असो. निवेदकांना माझ्या जुन्या ओळी पाठ होत्या, हेही खरं. इतकं प्रेमानं कोण लक्षात ठेवतं? त्यांच्यावरचा राग आता उतरलाय. त्या सुस्काऱ्यावरचा नाही.

कविता लिहिणाऱ्या पोरापोरींनो, रेडिओचं, मालिकेचं काम आलं तर बिनदिक्कत घ्या. फक्त मानधन आधी ठरवा, आणि श्रेयनामावलीत नाव येणार हे लिहून घ्या.