नॅमच्या गोंगाटात गिटार पारखायची ती अशी

अमेरिकेतल्या अ‍ॅनाहाइमच्या नॅम या वाद्यांच्या व्यापार मेळ्यात गिटार ‘वाजवून आवाज ऐका’ असं एका लेखात म्हटलंय. अकूस्टिक (विजेविना वाजणाऱ्या) गिटारचं ते जमणं कठीण, शेजारी कुणी ना कुणी ड्रम बडवत असतोच! फार तर बॉडीच्या कडेला कान टेकवा. खरी पारख नेकची, म्हणजे गिटारच्या लांब मानेची. आधी विचारून पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, सहावी (सर्वांत जाड) तार नेक-बॉडीच्या सांध्यापाशी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये साधारण ०.२ मिमी फट दिसायला हवी. फटच नसेल तर नेक अगदी सरळ किंवा मागे झुकलेली, तार खरखरू शकते. पण हे ट्रस रॉडच्या (नेकच्या आतली, तिचा वाक जुळवणारी सळई) पाव फेऱ्यात सुटू शकतं. फ्रेटची टोकं बोचली तर बहुधा कोरड्या हवेने फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसलाय. पीळ पडलेली नेक मात्र साध्या ट्रस रॉडने सरळ होत नाही. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) नजर लावून नेकच्या दोन्ही कडा सारख्या दिसतात का ते पाहा.